आमचे चाकवाले व्याही

माझ्या व्याह्यांनी मला फसवले. पनवेलच्या बाजारात सागाच्या ओंडक्यापासून वांग्यापर्यंत कशातही मला कोणी फसवले, असे सांगणारा माणूस सापडायचा नाही. आणि ज्यांनी फसवले ते निघाले माझ्याच मुलीचे सासरे. तेही एक शब्द खोटा न बोलता. खोटे बोलून फसवणाऱ्याला निदान चारचौघांत शिव्या घालता येतात. या गृहस्थांनी माझी तेवढीही सोय ठेवली नाही. उभ्या कुलाबा जिल्ह्यात त्यांच्याइतकी चांगली चाके करणारा आणि ती त्यांच्याइतक्या वाईट तऱ्हेने विकणारा दुसरा माणूस झाला नाही. त्या काळी पनवेलची बैलगाडीची चाके घाट चढून वरच्या मुलखात जात. माझी लाकडाची वखार होती. ओवे गावाच्या बाजूच्या रानातून डोक्यावर मोळ्या आणण्यापासून मी सुरुवात केली होती, त्यामुळे लाकडाचा आणि माणसाचा भाव मला चेहऱ्यावरून कळतो. मुलगी त्यांच्या घरात दिली तेव्हा आम्ही भागीदारी केली. लाकूड माझे, कारागिरी त्यांची आणि विक्री माझी. त्यातले विक्रीचे काम त्यांनी मला कधी धड करू दिले नाही.

फसलेली चाके ते कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर टांगून ठेवत. आरा म्हणजे चाकाची काडी चिरलेले, मधला तुंबा कलता बसलेले, धाव म्हणजे लोखंडी पट्टी सैल झालेले, अशी सगळी लंगडी मंडळी रस्त्याकडे तोंड करून लटकत असत. त्यात सर्वांत वर त्यांच्या स्वतःच्या हातचे एक होते. मी म्हटले, "व्याहीबुवा, सडकी वांगी कुणी दुकानाच्या तोंडाशी मांडतं का?" तर म्हणाले, "आतली चांगली आहेत हे गिऱ्हाइकाला त्याशिवाय कसं कळायचं?" ज्या सुताराने आपली चूक आपण होऊन सांगितली त्याला ते हॉटेलातून भजी मागवत. याचा परिणाम असा झाला, की धर्मा नावाचा आमचा एक सुतार सकाळी आल्या आल्या, अजून काहीही बिघडवले नसताना, "मालक, आज माझ्या हातून काय तरी व्हनार हाय," असे सांगून मोकळा होई. व्याही त्यालाही भजी देत आणि मग दिवसभर त्याच्या शेजारी बसून राहत. त्या दिवशी धर्माच्या हातून खरोखरच काही बिघडत नसे. भजी मात्र भागीदारीच्या खर्चात जात.

चाकाच्या आवाजावर त्यांचे फार लक्ष. एकदा मामलेदार कचेरीत आम्हा दोघांचे काम होते. बाहेरून एक गाडी कुरकुरत गेली, तसे हे उठले आणि तिच्या मागोमाग चालू लागले. माझे काम त्यांच्या सहीवाचून अडले आणि हे रोडपालीपर्यंत गाडीच्या मागे कान देऊन गेले. चाक आमच्या कारखान्याचे नव्हतेच, हे त्यांना तिथे पोचल्यावर कळले. तरीसुद्धा वंगण घालूनच परत आले. माझ्या मुलीच्या लग्नात वरातीची गाडी वाजायला लागली. वरपिता रेशमी उपरणे सावरत गाडीखाली शिरले. वाजंत्री थांबली, घोळका थांबला, विहीणबाई कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. मी वाकून म्हटले, "अहो, बाहेर या, लोक हसताहेत!" आतून उत्तर आले, "चाक रडतंय तोवर हसू द्या."

नव्याची हौस तर विचारू नका. करंजाच्या तेलात चाके उकळून पाहिली, तेव्हा सगळी आळी नाकाला पदर लावून फिरत होती. खाडीच्या चिखलात चाके पुरून पाहिली. भरतीनंतर ती कुठे पुरली हेच सापडेना. मुंबईहून लाँचने रबरी टायरचे एक चाक घेऊन आले आणि खंडेनवमीला वाकस-रंध्याच्या शेजारी तेही पूजेला मांडले. मी संतापलो. "हे आपल्या धंद्याच्या मुळावर आलंय आणि तुम्ही त्याला फुलं वाहता?" ते म्हणाले, "आलंच आहे, तर ओळख तरी करून घेऊ." मग पुढे महिनाभर ते रोज त्या चाकासमोर बसत आणि दारच्या पाहुण्यासारखी त्याची विचारपूस करत.

पण सगळ्यांत विलक्षण होता त्यांचा 'थांबा'चा नियम. कारखान्यात कोणीही, अगदी झाडणाऱ्या बाईनेसुद्धा, "थांबा" म्हटले की सगळ्यांनी हातातले काम टाकायचे. म्हणणाऱ्याने पाण्याच्या हौदापाशी उभे राहून कारण सर्वांना मोठ्याने सांगायचे, पूर्ण सांगायचे, आणि खरे सांगायचे. मालकालाही यातून सूट नव्हती. एकदा हुसेनचाचा लोहाराने लालभडक धाव सांडशीत धरलेली असताना बाई ओरडली, "थांबा!" कारण काय, तर गोवऱ्यांच्या ढिगात मांजर व्यालेले. धाव थंड झाली, इंधन फुकट गेले, आणि व्याही बाईला म्हणाले, "बरं झालं बोललीस." या नियमाने आम्ही भिकेला लागू असे मी रोज सांगत असे. खरे सांगायचे तर आमच्या चाकाची तक्रार घेऊन कोणी परत येत नसे, पण त्याचे श्रेय मी सागाला देत असे.

मग रस्त्यावर ट्रक वाढले आणि आमची मागणी घटली. हुसेनचाचा मुंबईला गिरणीत जाण्याचे बोलू लागले. सुतारांपैकी दोघे बिगारीला जाऊन आले. आता कारखाना टिकायचा तर एखादे मोठे काम हवे होते, आणि ते मी आणले. उरणकडचे एक मिठागरवाले पाटील आपल्या सगळ्या गाड्यांची चाके बदलणार होते. त्यांच्याशी मी अशी घासाघीस केली, की दोनदा ते उठून गेले, एकदा मी गेलो, आणि शेवटी दोघांनीही एकमेकांना चहा पाजला. पाटील सौदा पक्का करायला कारखान्यात यायचे ठरले. मी व्याह्यांना बजावून ठेवले, "तुम्ही फक्त नमस्कार करा. बोलणं माझ्याकडे."

पाटील आले, चाकांवर थापा मारून खूश झाले. नमस्कार करून व्याही एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाले, "पाटील, आमची दोन चाकं मी तुमच्या शेजारच्या मिठागरावर पावसाळ्याआधी लावून पाहिली होती. त्यात असं आढळलं, की..."

पुढे काय येणार ते मी ओळखले. मिठाच्या पाण्याने धाव गंजते, लाकूड फुगते, वाळते आणि आरे खुळखुळतात; गावात वर्षानुवर्षे चालणारे चाक तिथे एका हंगामात मोडते. माझे डोके फिरले. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "थांबा!"

आणि व्याही थांबले. नुसते तेच नाही, सगळा कारखाना थांबला. घण वरच्या वर थांबला, करवत लाकडात अडकून राहिली. व्याह्यांनी हात जोडून मला हौदाकडे जायची वाट करून दिली.

पाटील म्हणाले, "ह्या काय झाला, शेट? बोलता बोलता मानूस गप का झाला?"

धर्मा लगेच म्हणाला, "आता वखारवाले शेट कारन सांगतीन. तसा नियमच हाय."

"नियम गेला खड्ड्यात!" मी म्हणालो.

"तसं चालत नाही, शेठ," हुसेनचाचा घण खाली ठेवत म्हणाले. "मांजरीच्या वेळी तुम्हीच बाईला सांगितलं होतं, पुरं बोल, घोळू नको."

सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी थाप मारावी म्हणून मी तोंड उघडले. बाजारात मी थाप मारताना कधी अडखळलो नाही. पण त्या हौदापाशी धर्मासारखा माणूसही खरे बोलून गेला होता, आणि मला तिथे एकही थाप सुचेना. मी म्हणालो, "ही चाकं तुमच्या मिठात टिकायची नाहीत, हे व्याही सांगणार होते. ते तुम्हाला कळू नये म्हणून मी थांबा म्हटलं."

पाटलांनी पागोटे नीट केले, "मंग आमी कशाला घेतू?" म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर मी व्याह्यांशी बोलणे टाकले. निरोप मुलीमार्फत जात. "तुझ्या सासऱ्यांना सांग, त्यांनी माझा गळा कापला." ती येऊन सांगे, "मामंजी म्हणाले, बाबांना म्हणावं जेवायला या." पावसाळा संपता संपता पाटील पुन्हा आले. त्यांनी रबरी चाके मुंबईहून घेतली होती, पण ती बसवायला गाड्यांचे जुने साटे, म्हणजे वरचे सांगाडे, उपयोगी पडेनात. "जो मानूस आपल्याच चाकाचा वायट सांगतो, त्याच्याकरना गाडी बांधावी, आसा आमी ठरवला," म्हणाले. व्याह्यांनी त्या रबरी चाकाशी महिनाभर काय गुजगोष्टी केल्या होत्या ते तेव्हा समजले. नव्या गाडीचा आराखडा त्यांच्या डोक्यात तयारच होता. पाटलांमागून बाकीचे मिठागरवाले आले. गाड्यांचे साटे झाले, पुढे ट्रकचे हौदे झाले. हुसेनचाचा मुंबईला गेले नाहीत. बाजारात लोक मला सांगू लागले, "काय धोरणी माणूस तुम्ही! गिऱ्हाइकाला स्वतः होऊन खरं सांगितलंत!" आता यावर मी काय उत्तर द्यावे?

परवा ट्रकचा हौदा रंगवताना हुसेनचाचा मला म्हणाले, "शेठ, तुमचा मिजाज त्यांना पुरा ठाऊक होता. एका दमात बोलणारा माणूस त्या दिवशी इतक्या सावकाश का बोलत होता, याचा विचार केलात कधी?" तेव्हापासून मला झोप नाही. ते स्वतः बोलले असते तर भागीदाराने धंदा बुडवला असे मी जन्मभर म्हणालो असतो, म्हणून त्यांनी ते माझ्याकडून वदवून घेतले की काय? विचारायला जावे, तर ते गेल्या श्रावणात गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत. जावयाला विचारले, तर तो बापासारखा हसतो. मुलगी म्हणते, "बाबा, आता कशाला?" आता कशाला म्हणजे? एवढ्या मोठ्या फसवणुकीचा जाब कोणी द्यायचा? घरातले असो, कारखान्यातले असो, त्यांच्या वतीने कोणीतरी माझ्यासमोर बसावे आणि ते मुद्दाम होते की नव्हते एवढे सांगावे. मी चहा सांगतो. आरडाओरडा करणार नाही. आणि उत्तर काहीही आले तरी त्यावर घासाघीस करणार नाही.