बोटाच्या पेराएवढी वाट

मोठं भोक पाडल्याशिवाय आतली वस्तू बाहेर येत नाही, असं जगातली यच्चयावत माणसं मानतात. ते खोटं ठरवण्यासाठीच माझ्या बायकोची मामेबहीण जन्माला आली. ती बायकांची डॉक्टर. वसईत बाजाराच्या पलीकडे तिचं छोटं हॉस्पिटल. तिचा हा बाणा हॉस्पिटलापुरता असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण विरारला आमच्याकडे जेवायला आली की ती भरल्या कारल्यांचा ताबा घेई. आपण कारलं उभं चिरतो आणि बिया खरवडतो. ती देठाशी जेमतेम करंगळी जाईल एवढं भोक पाडी, चमच्याच्या दांड्याने त्यातून सगळ्या बिया काढी, तेवढ्यातूनच मसाला भरी, आणि कारलं पानात असं अखंड येई की पाहुण्यांना वाटे, या घरात कारली नुसती धुऊन वाढतात. एकदा किल्ली कपाटामागे पडली. कपाट हलवायला मी शेजाऱ्यांना बोलावून आणलं, तोवर हिने भिंतीला हातआरसा टेकवून, त्यात बघत, विणकामाच्या दोन सुयांनी किल्ली वर आणलेली. शेजारी चहा पिऊन गेले. दुधाची पिशवी मी कापली की ओट्यावर पूर येतो. तो बघून ती म्हणे, "भावोजी, मोठं भोक हा आळशी माणसाचा शोध आहे."

ही गोष्ट नव्वदीच्या अखेरीची. पोटाला बोटाच्या पेराएवढी दोन-तीन भोकं पाडायची, एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून लांब चिमटे, आणि टीव्हीवर बघत ऑपरेशन करायचं, हे ती नुकतंच शिकून आली होती. सरावासाठी तिने चपलांच्या खोक्याला भोकं पाडली होती. त्यांतून चिमटे घालून ती आतल्या द्राक्षाची साल काढत बसे. गर फुटला की स्वतःवरच रागावे. फुटलेली द्राक्षं माझ्या वाट्याला येत, त्यामुळे वैद्यकशास्त्राच्या प्रगतीत माझाही थोडा हात आहे असं मी समजतो. नातेवाईक मात्र म्हणत, "टीव्हीवर बघून ऑपरेशन? मध्येच लाइट गेली म्हणजे?" वसई-विरारमध्ये तेव्हा हा विनोद नव्हता. तिने आधी जनरेटर घेतला होता आणि मग दुर्बीण.

तशातच माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. लग्नाआधी तिचं एक अंडाशय अशाच गाठीपायी पोट उघडून काढलं होतं. आता उरलेल्या अंडाशयात तसलीच दुसरी. आम्हाला मूल नव्हतं. दोन मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, काढून टाका. त्यात काय काय जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.

मामेबहिणीने सोनोग्राफीची फिल्म खिडकीशी धरली. "डरमॉइड आहे. आत चरबी असेल, केस असतील, एखादा दातही सापडतो. गाठ तेवढी सोलून काढते, अंडाशय ठेवते."

"आणि नाही जमलं तर?" बायकोने विचारलं.

"तर पोट उघडीन. तिथे मी हट्ट करणार नाही. तुझं अंडाशय राखायचा हट्ट मात्र उघडूनही करीन. रक्त थांबलंच नाही तर काढावं लागेल. तेही आत्ताच ऐकून ठेव."

खरी पंचाईत सासूबाईंची झाली. खाडीकाठच्या शेतकरी घरातली बाई. पोटात केस म्हटल्यावर त्यांनी गुन्हेगार शोधला आणि तो स्वतःतच सापडला. "मीच भरवलेलं गं हिला. भातात केस गेला असंल माझा," असं म्हणून त्यांनी जेवण सोडलं. भाची समोर मांडी घालून बसली.

"आत्या, केस भरवलास असं धरून चालू. दात कोनाचा भरवलास?"

सासूबाई विचारात पडल्या.

"बीजाला घाई होते, आत्या. कोनाची वाट न बघता एकटंच मानूस करायला बसतं. केस जमतो, दात जमतो, पुढचं काय जमत नाय. त्यात तुझा काय दोष? आता जेव."

सासूबाई जेवल्या, पण भाताचा घास उजेडात धरून.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि सासूबाई बाहेर बाकावर. जुन्या ऑपरेशनमुळे आतडी पोटाच्या टाक्यांना चिकटलेली, तीच सोडवण्यात सकाळ गेली, हे मागाहून कळलं. मध्ये लाइट गेली, जनरेटर धडधडला, आणि मी तेहतीस कोटींपैकी आठवतील तेवढ्यांना नवस बोललो. शेवटी दार उघडलं.

"अंडाशय राहिलंय," ती म्हणाली. मग रिवाजाप्रमाणे ट्रे पुढे केला. रबरी हातमोज्याची पिशवी करून गाठ आतल्या आत त्यात घातली होती आणि त्या लहान वाटेनेच बाहेर आणली होती. थिजलेल्या तुपासारखी चरबी, केसांचा गुंता, आणि त्यात खरोखरचा एक दात. मी फरशीवर बसलो. पडलो नाही, बसलो. सासूबाईंनी केस निरखून पाहिले, हे आपल्या अंबाड्यातले नव्हेत याची खात्री केली आणि मग रडल्या.

नर्स ट्रे घेऊन गेली. मामेबहीण बाकावर टेकली आणि मास्कची मागची गाठ सोडू लागली. ती सुटेना. सकाळभर आतडी सोडवत आलेल्या त्या बोटांना ही एक गाठ दाद देईना.

"भावोजी, जरा सोडता का?" ती हळूच म्हणाली.

मी सोडली. आमच्या घराण्यात ज्या नाजूक कामाचं श्रेय मी मागतो, ते एवढंच.

पुढे आम्हाला मुलगी झाली. आता ती कॉलेजात जाते. वसईत दुर्बिणीची ऑपरेशनं करणारे पुष्कळ झाले. मामेबहिणीचे खांदे दुखतात, ती ऑपरेशनला फारशी उभी राहत नाही. रविवारी आमच्याकडे येते, भरभरून बोलते. पण मुलगी बाहेरून आत आली की तिच्याकडे बघण्यात मामेबहिणीचं वाक्य अर्ध्यावर राहतं. मुलीला वाटतं, मावशीला हल्ली विसरायला होतं. मी आणि बायको एकमेकांकडे बघत नाही. ते वाक्य पुरं होण्याची घाई आमच्या घरात कुणालाच नसते.