मुदत गेलेली तक्रार

आमचे हे दोह्यात एका बांधकाम कंपनीत क्लेमचं काम बघायचे. कंत्राटदाराचं नुकसान झालं तर त्याने ठरलेल्या दिवसांत नोटीस द्यायची. चुकला की क्लेम टाइम-बार, म्हणजे मुदत गेली, खलास. हा शब्द ह्यांनी घरातही आणला. रविवारचं भांडण मी शुक्रवारी उकरून काढलं की हे वरणभात कालवत म्हणायचे, "टाइम-बार." मी म्हणायचे, तो तुमच्या ऑफिसात ठेवा, इथे माझा कायदा चालतो.

मुलगी तिसरीत होती तेव्हा आम्ही दोह्याच्या मुऐदर भागात राहायचो. मराठीत विचारलं की पोरं इंग्रजीत उत्तर द्यायची, म्हणून चार-पाच घरांनी मिळून शुक्रवारी मराठीचा वर्ग काढायचं ठरवलं. शिकवायला माणूसही लगेच मिळाला. अबू हमूर भागात राहणाऱ्या एका इंजिनीअरचे वडील, निवृत्त शिक्षक, मुलाकडे राहायला आले होते. मी सहज त्यांचं नाव-गाव विचारलं, तर गाव माझंच निघालं. ते माझेच सर. चौथीत मी त्यांच्या घरी शिकवणीला जायचे. बाकीच्या मुलींना सोडून मला मागे थांबवायचे आणि नको तिथे हात लावायचे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

त्याच आठवड्यात पेपर वाचता वाचता ह्यांनी मान हलवली. परदेशात कुठेतरी, लहानपणी अत्याचार झालेल्यांना मुदत उलटून गेली तरी दावा लावू द्यायचा विचार चालला होता.

"हा काही न्याय नव्हे," हे म्हणाले. "साक्षीदार मेलेले, पुरावा नाही. तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीला म्हाताऱ्याने उत्तर काय द्यायचं? मग मुदत ठेवायचीच कशाला?"

माझं डोकंच फिरलं. "आणि नोटीस देणारी चौथीत असली तर? तिला त्या गोष्टीचं नावसुद्धा ठाऊक नसलं तर?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. मग मी एका दमात सगळं ओकून टाकलं. रडले नाही, चिडलेच होते. आता हे विचारणार, इतकी वर्षं का नाही बोललीस, म्हणून मी कंबर कसूनच बसले होते. तो प्रश्न ह्यांनी तेव्हा विचारला नाही आणि नंतरही कधी नाही. एरवी ह्यांच्यात खोडी पुष्कळ आहेत, पण त्या एका गोष्टीसाठी मी ह्यांचे उपकार मानते.

हे म्हणाले, "आमच्या क्लेममध्येसुद्धा मुदत नुकसान कळल्यापासून धरतात. तुला कधी कळलं म्हणायचं? कोर्टात काय झालं असतं ते मला नाही सांगता यायचं. पुराव्याचं अवघडच आहे. पण हा माणूस पोरांसमोर बसणार नाही."

सरांच्या सुनेला सांगायला मीच गेले. हे खाली गाडीत थांबले. सर मुलाबरोबर सूक वाकिफच्या बाजारात गेले होते. ती माझ्याहून लहान, मला ताई म्हणायची. वाटलं, ही आता दार दाखवणार. सासरा, त्यात म्हातारा, त्यात इतक्या वर्षांची गोष्ट. तिने तरी का ऐकावं? तरी सगळं सांगितलं.

ती उठून आत गेली. परत आली तेव्हा हातात लहान मुलीची उशी आणि पांघरूण होतं. मला तिने एकही उलटा प्रश्न केला नाही. तिचे आभार कसे मानावेत ते मला आजही कळत नाही.

"ताई, आमची छोटी आजोबांच्या खोलीत झोपते," ती म्हणाली. "हल्ली रोज म्हणते, आई, मला तुझ्याजवळ घे. आणि मी रोज तिला रागावून परत पाठवते."