बाईंची सही आणि साडूची लिफ्ट

बाजारात त्यांना सगळे सहीमास्तर म्हणतात, ते काही त्यांच्या स्वतःच्या सहीमुळे नव्हे. ती बघितली तर कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून पळाली असं वाटतं. मास्तरांचं दुकान फोटोफ्रेमचं. पुढे करवत, काचा आणि पुठ्ठे, आणि मागच्या भिंतीवर मोठमोठ्या कलावंतांच्या त्रेचाळीस सह्या. तबलजींची सही बसच्या तिकिटावर, बासरीवाल्यांची औषधाच्या पाकिटावर, आणि एका सिनेमातल्या खलनायकाची इतकी जोरदार, की कागदाला भोक पडलंय. चव्वेचाळिसावा खिळा मात्र रिकामा. तो बाईंचा.

बाई म्हणजे थोर गायिका. त्या सही देत नाहीत. "गाणं ऐकलंत ना? मग झालं तर," एवढं म्हणून गाडीत बसतात. मास्तर अकरा वेळा त्यांच्या मेकअपरूमबाहेर वही घेऊन उभे राहिले. सातव्या वेळी बाईंनी त्यांचं पेन खरोखर हातात घेतलं. मास्तरांनी वही पुढे केली. बाईंनी त्या पेनानं स्वतःच्या तळहातावर कुणाचा तरी फोन नंबर टिपला आणि पेन परत दिलं. ते पेन मास्तरांनी मखमलीत गुंडाळून ठेवलंय. त्याने पुन्हा कुणी काही लिहिलेलं नाही.

सही खरी की छापील हे विचारायला लोक लांबून मास्तरांकडे येतात. मास्तर भिंग लावतात, कागद उलटा करून पाठीवरून अंगठा फिरवतात आणि "अस्सल" किंवा "छापील" एवढंच बोलतात. वीस वर्षांत हा शब्द कधी खोटा पडला नव्हता, आणि त्या शब्दाचा मास्तरांना त्रेचाळीस फ्रेमांहून जास्त अभिमान होता.

त्यांचा साडू, म्हणजे मेहुणीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतो. स्वभावाने दिलदार, पण कान म्हणाल तर फक्त मोटारीची घरघर ऐकायला दिलेले. एका रविवारी दुपारी तो दुकानात आला, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि स्टुलावर बसून जांभई दिली.

कागद लिफ्टदुरुस्तीचा होता. काम झालं की ग्राहकाची सही घ्यायची, अशी कंपनीची शिस्त. तक्रार : तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. काम : समाधानकारक. आणि त्याखाली, लांब ओढलेल्या शेपटीसकट, बाईंची सही, रेकॉर्डच्या कव्हरवर छापलेली असते तशीच.

मास्तरांनी भिंग उचललं.

साडू सांगत होता, की लिफ्टमध्ये एक म्हाताऱ्या बाई अडकल्या होत्या, पण अजिबात घाबरल्या नव्हत्या, आपल्याशीच काहीतरी गुणगुणत बसल्या होत्या. वीस मिनिटं तो दाराबाहेर स्क्रू फिरवत होता. "आवाज बरा होता," तो म्हणाला. "मी विचारलं, गाता का कुठे?"

बरा होता! अकरा वेळा मेकअपरूमच्या दाराशी ताटकळले ते, आणि वीस मिनिटांची खाजगी मैफल या ग्रीसच्या डब्याला!

साडूने रिकाम्या खिळ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "खरी आहे का रे, दादा? म्हणजे टांगण्यासारखी? नाहीतर उद्या कागद ऑफिसात जमा करतो."

मास्तरांनी कागद उलटा केला. अंगठ्याखाली प्रत्येक वळण उमटलेलं लागत होतं. इतकी अस्सल सही त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"हिला सही म्हणत नाहीत," ते म्हणाले. "ही कामाची पोच. कचरा आहे. देऊन टाक."

साडूने खांदे उडवले, कागदाची पाचवी घडी घातली आणि तो गेला.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. बायकोने विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. खोटंही म्हणता येणार नाही. हिरवं काहीतरी वर आलंच होतं. आधी त्यांना बरं वाटत होतं, की मला नाही तर त्यालाही नाही. मग दिसू लागली ती बाईंच्या सहीची शेपटी, कुठल्यातरी फायलीत मोटारींच्या यादीखाली चेपलेली.

सोमवारी दुकान न उघडता ते लिफ्टकंपनीत धावले. काउंटरवरच्या कारकूनबाईंनी शांतपणे फाईल उघडली. कागद आधीच आत लागला होता. पंचिंग मशीनचं एक भोक समासात होतं, दुसरं बरोबर सहीच्या शेपटीत.

कागद परत मिळेल, पण दुसऱ्या कागदावर कारण लिहून द्यावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं : सही अस्सल असून मी ती कचरा आहे असं खोटं सांगितलं. खाली कोंबडीचे पाय उमटले.

संध्याकाळी फ्रेम घेऊन ते साडूच्या घरी गेले. सगळ्यात उंची काच, आत पुठ्ठ्याचं दुहेरी माउंट, भोकाभोवती बारीक पितळी कडं. माउंटच्या खिडकीतून, कागदावर कारागीर म्हणून लिहिलेलं साडूचं नावही दिसत होतं. ते झाकायला हात किती वेळा शिवशिवला, ते त्यांचं त्यांनाच माहीत. मग त्यांनी सगळं कबूल केलं.

साडू फ्रेमकडे बघत राहिला. "अरे, मी तुझ्या त्या खिळ्यासाठीच आणली होती. म्हटलं, आधी विचारावं, नाहीतर कचरा तुझ्या भिंतीवर कशाला."

मास्तरांचा हात फ्रेमकडे गेला. पण आता मेहुणीला सगळी हकीकत कळली होती आणि फ्रेम तिच्या मनात भरली होती. शेजारणींना दाखवून झालं होतं. चपलांच्या रॅकवर तिने ती लावलीसुद्धा, आणि तीही वाकडी.

तेव्हापासून मास्तर दर रविवारी साडूकडे जातात. चपला काढायच्या निमित्ताने रॅकपाशी पाच-सात मिनिटं उभे राहतात, फ्रेम सरळ करतात आणि अंगठा काचेवरूनच शेपटीवर फिरवतात. पुढच्या रविवारी ती पुन्हा वाकडी असते. साडू म्हणतो, लिफ्टच्या धक्क्याने होत असेल. साडूचं घर तळमजल्यावर आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही, पण मास्तरांनी यावर अस्सल की छापील, हा आपला शब्द अजून तरी दिलेला नाही.