टँकर आला की मी शाळेत नसते

बी.एड.ला मी इंग्रजी विषय निवडला, तेव्हा आमच्या सोयगावच्या घरात सगळ्यांनाच नवल वाटलं. दहावीपर्यंत मी इंग्रजीचं एक वाक्यही तोंडानं बोलले नव्हते. ती भीती घेऊनच शहरात आले आणि छावणी भागात खोली करून कॉलेजला जाऊ लागले.

पहिल्या सराव पाठासाठी मला झाडांवरची एक कविता मिळाली. दोन दिवस खपून मी थर्माकोलचं झाड केलं. हिरवा रंग, चमकी, फांद्यांवर प्लास्टिकची पाखरं. पाठ झाला, टाळ्या पडल्या. आम्हाला इंग्रजी अध्यापन शिकवणाऱ्या मॅडम जवळ आल्या. म्हणाल्या, "छान. आता हे कुठं जाणार?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी मला कॉलेजच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. आमच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी केलेले सूर्य, फळं, घरं, सगळं थर्माकोल तिथं उन्हात पिवळं पडत होतं.

"झाडं जपा, असंच शिकवलंस ना?" एवढंच त्या बोलल्या.

मला राग आला. खोलीवर जाऊन रडले. आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "लई खरं बोलल्या की गं बाई त्या."

पुढच्या पाठाला मॅडमनी अट घातली. काही विकत आणायचं नाही. मुलांच्या घरात जे रोज घडतं, त्यावर इंग्रजी बोलायचं. शाळा बिडकीनच्या पुढं एका वस्तीवरची, वर्ग आठवीचा. मी घरमालकिणीचा हंडा मागून नेला. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "ताई, पाण्याला चालल्या का?"

वर्गात टेबलावर हंडा ठेवून मी विचारलं, "हू फिल्स वॉटर इन युवर हाऊस?"

मुलं हंड्याकडं बघून खुसखुसू लागली. मग तिसऱ्या ओळीतली दोन वेण्यांची मुलगी उठली. "आय फिल. मदर गो कंपनी."

मी 'गोज' म्हणायला तोंड उघडलं. मागच्या बाकावर बसलेल्या मॅडमनी मान हलवली: थांब.

मुलगी पुढं म्हणाली, "टँकर कम, आय नो स्कूल."

टँकर आला की मी शाळेत नसते. खुसखुसणारी मुलं वळून तिच्याकडं बघू लागली. मग "आय ऑल्सो" म्हणत आणखी सहा-सात हात वर झाले. सगळे मुलींचे. तास संपला तरी त्या बोलत होत्या, मोडकंतोडकं, मधेच मराठीत शिरून. मी ठरवून नेलेलं व्याकरण तसंच राहिलं. पाठाच्या वहीत मॅडमचा शेरा होता, "पाठ पूर्ण झाला नाही. झाला असता तर मला वाईट वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी पत्रलेखन होतं. पुस्तकातलं पत्र बाजूला ठेवून मुलींनी पाठकोऱ्या कागदावर टँकरवाल्या दादांना पत्र लिहिलं, वर इंग्रजीत, खाली मराठीत. त्या वेण्यांच्या मुलीनं ते स्वतः नेऊन दिलं. मी नुसती शेजारी उभी होते.

दादांनी पत्र दोनदा वाचलं. "आता गं बया! मला कुणी सांगितलंच नाय. शाळा सुटल्यावर आलो तर चालंल का?"

"येस," मुलगी म्हणाली आणि स्वतःच लाजून हसली.

आमचे पाठ संपेपर्यंत टँकर संध्याकाळीच यायचा, आणि ती रोज वर्गात असायची. पुढं काय झालं, मला माहीत नाही.

आता मी स्वतः इंग्रजी शिकवते. पाणी, कचरा, शेत, हे बोलण्याचे विषय असतात आणि त्या बोलण्यातूनच भाषा येते, हे मला मॅडमनी एकही व्याख्यान न देता शिकवलं. त्या आता निवृत्त झाल्यात. मागच्या महिन्यात त्यांना भेटायला गेले. "मॅडम, तुमच्यामुळं मी शिक्षिका झाले," असं मी दारातच म्हणून टाकलं.

"आधी बस," म्हणत त्यांनी चहा टाकला. "तुझ्या वर्गातल्या मुली काय बोलतात, ते सांग."

मी दोन तास सांगत बसले.