प्रीतम कोळी पाण्यात उतरतो

नवी मुंबईतल्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यात एकच घर असं होतं, जिथल्या मुलाला खाडीत पाय घालायची बंदी होती. ते घर जयदेव कोळ्याचं. जयदेवचं म्हणणं सरळ होतं. पोर एकदा पाण्यात रमलं की वहीत रमत नाही. तो स्वतः सातवीत असताना होडीत बसला, तो परत वर्गात आलाच नाही. शिवाय खाडीत आता उरलं होतं काय? कारखान्यांचं पाणी, प्लास्टिक आणि जाळ्याला चिकटणारा काळा गाळ. त्यामुळे वाड्यातली पोरं जेट्टीवरून उड्या मारत असताना प्रीतम ओट्यावर बसून पाढे म्हणायचा. पाढे चांगले पाठ झाले. इतके, की बारावीनंतर इंजिनीअरिंगला जाण्याबद्दल घरात कुणाला शंकाच उरली नाही.

कुठलं इंजिनीअरिंग, हे वाशीच्या एका शैक्षणिक मेळाव्यात ठरलं. टाय लावलेल्या समुपदेशकाने विचारलं, "गाड्या कशावर चालतात?" जयदेव म्हणाला, "पेट्रोलवर." "मग झालं तर," समुपदेशक म्हणाला. "जगात तेल आहे तोवर पेट्रोलियम इंजिनीअरला मरण नाही. गल्फ, नॉर्वे, कुठेही जा." जयदेवला नॉर्वे कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण तिथे जायला होडी लागत नाही एवढं त्याला कळलं. प्रीतमची आई, कमळी, मासळी बाजारात सांगायला लागली, "माजा प्रीतम तेलाचा इंजिनेर व्हनार." शेजारी पाटी लावणाऱ्या यशोदाबाईंनी विचारलं, "मंजे पंपावर?"

पुण्याच्या खासगी विद्यापीठात प्रीतम चार वर्षं तेलाच्या विहिरींबद्दल शिकला. जमिनीखाली तीन किलोमीटरवरच्या खडकाला किती भोकं असतात, हे त्याला सांगता येई. प्रत्यक्ष विहीर मात्र एकदाच पाहिली, सहलीला, फाटकाबाहेरून. आतून कुणीतरी हात हलवला. त्याचे फोटो अजून आहेत.

शेवटच्या वर्षी जगात तेलाचा भाव कोसळला. एकीकडे जयदेवच्या होडीचं डिझेल स्वस्त झालं नाही, आणि दुसरीकडे प्रीतमच्या कॉलेजात कंपन्या आल्या नाहीत. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं, ते त्याला बापाला समजावता आलं नाही, आणि खरं तर प्राध्यापकांनाही आलं नसतं. वर्गातली हुशार मुलं ऐरोली-महाप्याच्या काचेच्या इमारतींत कोडिंग करायला गेली, एक स्पर्धा परीक्षेला बसला. प्रीतम तुर्भ्याला वंगणाच्या गोदामात लागला. पिंपावरचं लेबल सरळ आहे की तिरकं, हे बघायचं काम. पेट्रोलियम उद्योग म्हणतात तो हाच, असं तो स्वतःला सांगत असे.

आणि मग भाव पुन्हा चढला. वाड्यातले सगळे रिक्षावाले शिव्या घालत असताना एका जयदेवच्याच घरात पेढे आले, कारण समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या एका कंपनीने प्रीतमला मुलाखतीला बोलावलं. शिकाऊ ड्रिलिंग इंजिनीअर. पॅनेलवरच्या साहेबांनी अभ्यासाचं जरा विचारलं आणि मग मुद्द्यावर आले.

"भर समुद्रात राहावं लागेल. पाण्याची भीती वगैरे?"

"सर, मी कोळी आहे. सारसोळ्याचा."

साहेबांनी एकमेकांकडे समाधानाने पाहिलं. पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. प्रीतमच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आठवड्याने कंपनीतून निवड झाल्याचा फोन आला. रुजू व्हायच्या आधी समुद्रात जीव वाचवायचं प्रशिक्षण पास व्हावं लागेल. हेलिकॉप्टरच्या आकाराची केबिन, त्यात पट्ट्याने बांधून बसवतात, केबिन तलावात सोडतात आणि उलटी करतात. खिडकीतून बाहेर यायचं. नापास झालात तर नोकरी नाही. "तुम्हाला काय, सोपंच जाईल," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. प्रीतम जवळच्या पिंपावर बसला. त्याचं लेबल तिरकं होतं, तेही त्याला दिसलं नाही.

वाड्यात कुणाला विचारायची सोय नव्हती. जिवलग मित्र सनीला सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या स्टेटसवर हसणारे चेहरे लागले असते. म्हणून प्रीतम घरी 'जिमला जातो' सांगून नेरूळच्या एका जलतरण तलावावर गेला. मोठ्यांची बॅच संध्याकाळी, तेव्हा गोदाम. सकाळी फक्त लहान मुलांची.

तिथले सर गोटीराम, मूळचे माण तालुक्यातले. पोहायला शिकले ते मामाच्या विहिरीत, कमरेला भोपळा बांधून, ज्या वर्षी विहिरीला पाणी होतं त्या वर्षी. त्यांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि तोंडातली शिट्टी काढून हातात घेतली.

"आरं, माझ्या गावाला टँकरनं पाणी यायचं. तुझ्या दारात खाडी. आणि मी तुला शिकवू?"

"खाडी होती सर. परवानगी नव्हती."

"शिकलायस काय?"

"पेट्रोलियम. विहिरींचंच."

"मग?"

"त्या विहिरीत तेलाऐवजी पाणी लागलं तर विहीर नापास धरतात."

गोटीराम सरांनी शिट्टीनेच काठावरची दांडी दाखवली. "धर दांडी. मार पाय."

त्यानंतर रोज सकाळी सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत, पाठीला फुगा बांधून, इंजिनीअर प्रीतम कोळी पाय मारू लागला. नाकातोंडात पाणी गेलं की सर ओरडत, "कड धर, डोळे मीट, पाणी थांबेस्तवर हलू नको." शाबासकीही त्याला बाकीच्यांसारखीच मिळे, डोक्यावर टपली मारून. काठावरच्या आया टॉवेल घेऊन बसत. त्यांतल्या स्मिताताई दर बुधवारी कमळीकडूनच मासळी घेणाऱ्या. त्यांनी त्याला ओळखलं आणि बाईच्या मनात काही वाकडं नसल्याने थेट बाजारात जाऊन सांगितलं.

"कमळीताई, पापलेट साफ करून द्या हं. आणि तुमचा प्रीतम किती नम्र हो. आमच्या ओवीच्याच बॅचला आहे. आता फुग्याशिवायही पोहतो थोडं."

कमळीचा कोयता थांबला. शेजारी यशोदाबाई बसल्या होत्या. त्यांच्या कानांना काही झालेलं नव्हतं.

कमळी घरी पोचली तोवर बातमी जेट्टीवर जाऊन परत आली होती. "कमले, पोराला टब घेऊन दे," कुणीतरी ओट्यावरून म्हणालं. जयदेव दारात उभाच होता.

"मना इचारायचास तरी," तो प्रीतमला म्हणाला. "चल जेट्टीवर. एका भरतीत शिकवतो."

"इतकी वर्सं पान्याजवल जाऊ दिला नाय, आनि आता एका भरतीत शिकवनार," कमळी पाटी आदळत म्हणाली. "त्याचा मास्तर हाय. त्यो शिकवतोय. तू गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी जयदेवच तलावावर आला. आयांच्या बाकावर टोकाला बसला. ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि म्हणाला, "ह्याला औषदाचा वास येतोय." मुलगा एक फेरी पूर्ण करून आला तेव्हा तो दुसरीकडे बघत होता. मात्र रोज येऊ लागला.

प्रशिक्षणाच्या दिवशी प्रीतमच्या शेजारच्या खुर्चीत पुण्याचा एक राज्यस्तरीय जलतरणपटू होता. केबिन बुडाली, उलटली. जलतरणपटूने हुशारीने लगेच पट्टा सोडला आणि तो वर, म्हणजे खाली, म्हणजे नक्की कुठे हे न कळून छताला जाऊन आपटला. डुबकी मारणाऱ्या रक्षकांनी त्याला ओढून काढलं. प्रीतमला पोहण्याचा आत्मविश्वास फारसा नव्हताच. त्याने गोटीराम सरांनी सांगितलं होतं तेवढंच केलं: खिडकीची कड धरली, डोळे मिटले, पाणी थांबेपर्यंत बसून राहिला. मग पट्टा सोडला आणि बाहेर आला.

नौदलातून निवृत्त झालेले प्रशिक्षक खूश झाले. "कोळी ना तुम्ही? रक्तातच असतं ते."

"नाही सर. नेरूळला शिकलो. लहान मुलांच्या बॅचला."

प्रशिक्षक खो खो हसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. मुलगा विनोदीसुद्धा आहे, असं त्यांनी सहकाऱ्याला सांगितलं.

बाहेर येऊन, ओल्या केसांनीच, त्याने घरी फोन लावला. पास झाल्याचं ऐकून कमळीने फोन जयदेवकडे दिला.

"किती दिस ठेवनार तुना पान्यात?"

"दोन आठवडे समुद्रात, दोन आठवडे घरी."

"हं. आनि तेलाचा भाव परत पडला तर?"

"तर घरीच, बाबा."

"मंजे समुद्रात जायाचा, खालचा वर काडायचा, आनि भाव ठरवनार बाजारातला दुसराच कोन तरी." जयदेवने हिशोब मांडला. "त्यासाठी तुना पुन्याला कशाला धाडला रे?"

"बाबा, पगार असतो यात."

"त्यो पन आमाला नव्हता, खरा हाय," जयदेव म्हणाला. मागून कमळी विचारत होती, तिकडे जेवायला मासे देतात की नुसती डाळ. प्रीतमने सांगितलं की विचारून ठेवतो.