वहिनींच्या हातचे ब्रेक

वहिनी गेल्याचं मला निखिलनं कळवलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी सकाळी दार वाजवून आले, "तुम्हाला कळलं असेलच..." म्हणाले, आणि माझा चेहरा बघून मग त्यांनीच सांगितलं. विरारच्या मनवेलपाड्यातल्या एकाच इमारतीत आम्ही राहतो, मी दुसऱ्या मजल्यावर, वहिनी आणि निखिल चौथ्या. तरी सख्ख्या भावजयीची बातमी मला शेजाऱ्याकडून मिळाली. निखिलची त्यात काही चूक नव्हती. आज सहा आठवडे झाले, तो अजून माझ्याशी बोललेला नाही. का बोलत नाही, ते सांगितल्याशिवाय मला वहिनींबद्दल लिहिता येणार नाही.

सुलभावहिनींचं माहेर वसईजवळच्या उमेळ्याचं. वडिलांची केळीची वाडी होती आणि विहिरीवरचा पंप बिघडला की ते स्वतःच खोलून बसत. पाने-पकडी हातात द्यायला ही धाकटी लेक. पुढे लग्न होऊन विरारला आल्या, वसईत एका शाळेच्या कार्यालयात कारकून म्हणून लागल्या, आणि पान्यांचा संबंध तिथेच संपला. मोटारसायकल हे माझ्या भावाचं, दादाचं खातं. त्या फक्त मागे बसत, तेही कुरकुरत.

चौदा वर्षांपूर्वी दादा कामासाठी जव्हारला गेला होता. येताना घाटाच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही, गाडी वळणावरून सरळ खाली गेली आणि दादा जागीच गेला. निखिल तेव्हा अकरा वर्षांचा. महिन्याभरानं पोलिसांकडून गाडी सुटली, तेव्हा मी आणि वहिनी ती घेऊन आमच्या ओळखीच्या गॅरेजवर गेलो. मेकॅनिकनं पुढच्या ब्रेकचं ऑइल एका वाटीत काढलं. चहाच्या गाळासारखं काळं. म्हणाला, "ताई, ह्यानं पाणी धरलंय. हवेतला ओलावा पितं हे. उतारावर तापलं की आत वाफ होते, मग दाबलं तरी काही होत नाही. साहेबांनी जुनं ऑइल घातलं असणार." वहिनी वाटीकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "इतके बेफिकीर कसे वागले हे?"

मी शेजारीच उभा होतो. जव्हारला जायच्या आदल्या रविवारी दादानं मला सांगितलं होतं, "ब्रेकचं ऑइल कमी दिसतंय रे, जरा बघशील?" माळ्यावर एक अर्धी बाटली होती, तीन-चार वर्षांपूर्वी उघडलेली, झाकण सैल. मी तीच ओतली. वर "झालं काम" म्हणून सांगितलंही. त्या दोन घोटांनीच घात केला की आधीचंच ऑइल नासलेलं होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण गॅरेजमध्ये त्या क्षणी तोंड उघडता आलं असतं. मी उघडलं नाही. मग दुसऱ्या दिवशी सांगू, पुढच्या महिन्यात... वर्षश्राद्धानंतर... असं करत करत ते सांगायचं राहूनच गेलं.

वहिनींनी मात्र गॅरेज सोडलं नाही. शाळा सुटली की त्या तिथे स्टुलावर जाऊन बसत आणि बघत. गॅरेजमधली माणसं आधी संकोचली, मग त्यांना शिकवू लागली. वर्षभरात वहिनी घरच्या घरी ब्रेकची हवा काढायला शिकल्या. निखिल कॉलेजात गेल्यावर गाडी मागू लागला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली, ब्रेकला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. हळूहळू इमारतीतली बाकीचीही माणसं रविवारी गाड्या घेऊन उभी राहू लागली. साडीचा पदर खोचून वहिनी चाकाशी बसत. टाकीवर ओलं फडकं, कारण हे ऑइल रंग खातं. खाली चाकापाशी ब्रेकचं तेल सोडायच्या बारीक तोटीला, निपलाला, पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. ह्या कामाला दुसरा माणूस लागतो, वर ब्रेक दाबून धरायला. तो माणूस मी. "दाबा, भावोजी... धरून ठेवा... मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." त्या पाना फिरवायच्या, नळीतून बुडबुडे जायचे, काळं तेल जायचं, मग पिवळसर स्वच्छ तेल यायचं. शेवटी उरलेलं नवं ऑइलही त्या टाकून द्यायला लावत. कुणी कुरकुरलं की म्हणत, "उघडलेली बाटली घरात ठेवायची नाही. आमच्या ह्यांनी ठेवली होती." कितीतरी रविवार हे वाक्य मी ब्रेकवर हात ठेवून ऐकलं.

गेल्या वर्षी पोटाचा कर्करोग निघाला तोच पसरलेला. शेवटच्या पंधरवड्यात एका दुपारी हॉस्पिटलमध्ये मी एकटाच त्यांच्याजवळ बसलो होतो. निखिलला गाडी जपायला सांगा, बापावर जाऊ देऊ नका, असं त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, ते ऑइल दादानं नाही घातलं. मी घातलं होतं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "माळ्यावरची बाटली?"

"हो."

"चौदा वर्षं मी त्यांना बोल लावला, भावोजी. फोटोसमोर उभी राहून भांडले. पोराला सांगत आले, तुझा बाप निष्काळजी होता म्हणून..." त्यांना धाप लागली. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "ते राहू द्या. निखिलला सांगा. मी आहे तोवर सांगा. आणि त्यांचा फोटो आणून द्या मला."

मी त्यांच्या घरी जाऊन भिंतीवरचा दादाचा फोटो काढून आणला. त्यांनी तो छातीशी धरला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." मी दाराबाहेर उभा राहिलो. आतून बारीक आवाजात बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. अर्ध्या तासानं नर्स आत गेली तेव्हा त्या झोपल्या होत्या.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या जिन्यात मी निखिलला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "काका, आईला हे कधी सांगितलंत?" मी म्हटलं, "आज." तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, आणि वळून न बघता म्हणाला, "उद्यापासून येऊ नका." मी गेलो नाही. स्मशानात मात्र गेलो, मागे उभा राहिलो.

वहिनींची एक सवय होती. काम झालं की हँडलवरच्या ऑइलच्या डबीला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पुढची तारीख लिहायच्या, शाळेच्या रजिस्टरात लिहीत तशा ठळक, सरळ अक्षरांत. आमच्या पार्किंगमध्ये अजून चौदा-पंधरा गाड्यांवर त्यांचं अक्षर आहे. माझ्या गाडीवरची तारीख गेल्या आठवड्यात उलटली. मी रोज ती बघत होतो आणि गाडी तिथेच सोडून रिक्षा करत होतो.

काल सकाळी खाली उतरलो तर त्या पट्टीखाली दुसरी पट्टी होती. त्यावर पुढच्या वर्षाची तारीख, अक्षर निखिलचं. वॉचमन म्हणाला, "निखिलभाऊंनी केलं पहाटे. मला ब्रेक दाबायला बसवलं होतं. तुमच्याच नाही, तारीख उलटलेल्या तिन्ही गाड्यांचं केलं." वहिनींची पट्टी त्यानं काढली नव्हती.

मी ब्रेक दाबून पाहिला. कडक लागला.