मागच्या इंजिनाची गाडी आणि तीस पावलं

ते बोट आधी खाली करा. आणि पुढचं झाकण उघडून "अरेच्चा, इंजिन चोरीला गेलं!" हा विनोद करणार असाल तर राहू द्या. जळगावात तो इतक्यांदा ऐकलाय की हल्ली समोरच्याने तोंड उघडायच्या आत मीच करून टाकतो. हो, इंजिन मागे आहे. हो, डिकी पुढे आहे. रेडिएटर नाही, पाणी लागत नाही, वाऱ्यावर थंड होतं. कासवासारखी दिसते म्हणालात, तेही मान्य. पण "असली गाडी लांब जात नाही" म्हणालात ना, तिथे आपलं भांडण आहे. कारण मी जाऊन आलोय. जळगाव, पारोळा, धुळे, शिंदखेडा आणि परत. तीन दिवस. जायचं असेल तर ऐका, नसेल जायचं तरी ऐका.

"लांब" हा शब्द मुळात आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. वीस वर्षं जीप चालवतात. त्यांच्या मते इंजिन पुढे, उभं, नाकाच्या रेषेत असलं तरच ती गाडी, बाकीची खेळणी. मी म्हणायचो, आबा, तुम्ही एकच चाखलंय. मी बघा. स्कूटर चालवली, तिचं इंजिन उजव्या कुशीत, हात सैल सोडला की ती उजवीकडे कलते. कापसाच्या हंगामात तीनचाकी टेम्पो चालवला, त्याचं इंजिन ड्रायव्हरच्या गुडघ्यांपाशी, उतरल्यावरही पोटऱ्या तासभर थरथरतात. मित्राच्या लग्नात मॅटॅडोर, इंजिन दोन सीटांच्या मधल्या पेटीत, नवरदेवाला मांडवात पोचवेपर्यंत माझी डावी मांडी भाजून निघाली. मामाची व्हॅन, इंजिन थेट बुडाखाली. वर्गमित्राची छोटी आठशे सीसीची, तिचं पुढे, पण आडवं. ट्रॅक्टरला तर इंजिन सोडून अंगच नाही. इंजिनाची जागा बदलली की गाडी तुमच्याशी वेगळ्या दिशेने बोलायला लागते. मला सगळ्या दिशा ऐकायच्या होत्या. मागची तेवढी राहिली होती.

ती भुसावळला सापडली. रेल्वेतले एक साहेब रिटायर होऊन मुलाकडे परदेशी निघाले होते. शिकवण्या करून साठवलेलं सगळं मी त्यांच्या हातावर ठेवलं आणि ही घेऊन आलो. आबांनी तिला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "अक्काकडे जाऊन दाखव. शिंदखेड्याला. पण ही ओढत आली, किंवा वाटेत कुठेही दोर लागला, तर तशीच भंगारात जाईल. कबूल?"

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. मी म्हणालो, कबूल. चोवीस वर्षांचा माणूस आणखी काय म्हणणार?

पहिला दिवस. मार्चमधला शुक्रवार, सकाळी सहा. टाकी जळगावातच भरून घ्या, पुढच्या पंपांचा भरवसा नाही. बांभोरीचा पूल ओलांडला की उजव्या हाताला नानांची केळीची बाग लागते. नाना म्हणजे आबांचे जुने दोस्त. अक्कासाठी एक घड घ्यायचा म्हणून थांबलो. पुढच्या डिकीत स्टेपनी, बॅग आणि हत्यारांची पिशवी, म्हणून घड मागच्या सीटवर उभा केला. हिरवागार, माझ्या कमरेएवढा. आरशातून मागचं काही म्हणून दिसेना.

नानांनी घरात नेऊन चहा पाजला. मी काकूंशी बोलत बसलो, तेवढ्यात ते बाहेर जाऊन आले. हात ओले.

"कुठी मुक्काम करशील?"

"धुळ्याला."

"ऊन लय आहे बाबा. मी पाहिलं सगळं नीट करून."

काय नीट केलं ते मी विचारलं नाही. पुढची सगळी कथा या न विचारण्यावर उभी आहे.

एरंडोलपर्यंत गाडी गाणं म्हणत गेली. रस्ता अरुंद, समोरून ट्रक आला की एक बाजू मातीत उतरवावीच लागते, आणि ट्रकवाला डिपर देईल ही आशा घरी ठेवून निघा. पण मागच्या इंजिनाची मजा ऐका. आवाज तुमच्या पाठीमागे राहतो. समोर फक्त रस्ता आणि वारा. जीपमध्ये तुम्ही इंजिनाच्या मागे मागे जाता, इथे कुणीतरी पाठीवर हात ठेवून "चल, चल" म्हणतं. एरंडोलच्या स्टँडसमोर चहा आणि भजी घ्या, भजी गरम असतील तरच.

पारोळा चार-पाच किलोमीटर राहिलं आणि तो हात ढिला पडला. आधी जोर गेला. मग वास. तापलेलं ऑइल आणि त्यात शिजलेल्या भाजीसारखं काहीतरी. मी गाडी कडेला घेतली, उतरून मागे गेलो आणि बघत राहिलो.

मागच्या काचेखाली इंजिनाच्या झाकणावर फटी आहेत, तिथून वारा आत जातो. हिचा श्वास तिथून चालतो. त्या फटींवर केळीची ओली पानं, तीन थर, केळीच्याच सोपटाने, म्हणजे खोडाच्या सालीने, करकचून बांधलेली. खालच्या बाजूने तळलेली.

नानांनी आयुष्यभर केळी गाड्यांत भरली. माल मागे, मालावर ओला पाला, ऊन आणि धूळ लागता कामा नये. आणि इथे तर डिकीलाच भोकं! त्यांच्या हातांनी आपसूक ती बुजवली. राग तरी कुणावर काढू? दुसऱ्या कुणाची केळी असती तर त्यांनी इतकी घट्ट गाठ मारली नसती.

पानं सोडवली. मोजायची काठी पुसून ऑइल बघितलं तर ते तळाला गेलेलं. एव्हाना ट्रॅक्टर घेऊन एक बाप्पा, इकडे वडीलधाऱ्याला असंच म्हणतात, थांबले होते. पन्नाशीचे, डोक्याला उपरणं.

"काय व्हयनं भाऊ?"

"तापली."

ते सरळ पुढे गेले, बॉनेट समजून डिकी थोपटली. "पानी टाक ना मग."

"पाणी लागत नाही हिला."

"इंजिन तरी शे का?"

"मागे आहे."

ते मागे आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. "उलटी बशेल शे," असा निकाल देऊन त्यांनी ट्रॉलीतून दोर काढला. "चाल, पारोळाले वढी लई जातू."

"दोर नाही लावायचा."

"काबरं?"

"वडिलांना शब्द दिलाय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझंही इंजिन भलत्या जागी बसवलंय. तरी म्हणाले, तू ऑइल आण, मी थांबतू. मागून आलेल्या तीनचाकी टेम्पोत मी चढलो. टेम्पोवाला गुडघ्यांपाशीच्या इंजिनाच्या धगीत बसून सिनेमाची गाणी म्हणत होता. पारोळ्यात ऑइल घेतलं, किल्ल्याच्या तटाकडे धड बघितलंही नाही, मिळेल त्या गाडीने परत आलो. तासभर गेला असेल.

गाडी जागेवर नव्हती.

ती पुढे निंबाखाली उभी होती, सावलीत. पुढच्या बंपरला दोर. दोराचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. बाप्पा शेजारी बसून तंबाखू मळत होते, चेहऱ्यावर काम नीट झाल्याचं समाधान.

"उनम्हा रंग उडी जाता. सावलीम्हा लई उनू. केळं बी बठ्ठा नीट शेतस, दख."

"ढकलायची ना, बाप्पा!"

"एकला? कोन ढकली?"

मी पावलं मोजली. तीस. परत मोजली. एकतीस. तीसच धरू. दोर सोडायला घेतला. हा रस्ता जळगावचाच. दर अर्ध्या तासाला एसटी जाते. त्यातला एक जरी प्रवासी आबांच्या ओळखीचा निघाला तर?

"कोणी बघितलं का तुम्हाला ओढताना?"

"बठ्ठा गाव दखस भाऊ, हाई काय चोरी शे?" म्हणजे सगळ्या गावाने बघितलं.

ऑइल भरलं. दुसऱ्या चावीला इंजिन सुरू झालं. बाप्पांनी टाळी वाजवली, मला वाजवता आली नाही. धुळ्यात स्टँडजवळ लॉज मिळाला, पंखा फिरतो, एवढी चौकशी करून घ्या. शेवभाजी खाल्ली, तर्री इतकी जाळ की डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं हे कुणी विचारलं नाही.

दुसरा दिवस. धुळ्याहून आग्रा रोडने सोनगीर, तिथे पितळेची भांडी बघायला दहा मिनिटं थांबा. मग डावीकडे शिंदखेड्याची वाट. सडक कसली, खड्ड्यांना जोडणारं डांबर. हाडं मोजून घ्या. पण मागच्या चाकांवर इंजिनाचं वजन असल्यामुळे मातीतही ती घसरत नाही, जिथे व्हॅन नाचली असती तिथे ही बसून चालते. अक्काच्या दारात गाडी थांबली तेव्हा अख्खी गल्ली गोळा. अक्का तिथल्या शाळेत शिकवते. घडाची मागची फणी इंजिनाच्या धगीने काळपट पडलेली बघून म्हणाली, "केळी आणलीस की भट्टी?"

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, लाल मिरचीचा ठेचा. हे तिन्ही ज्या घरात मिळतं तिथे जाण्यासाठी कुठलीही गाडी चालेल. जेवल्यावर मी तिला सगळं सांगितलं. दोर, निंब, तीस पावलं.

"मग? सांगू नकोस. कोण बघतंय?"

"शब्द दिला होता."

तिने हात पुढे केला. "किल्ली दे."

शाळेमागच्या मोकळ्या रानात तिने गाडी चालवली. पदर खोचून, तीनदा बंद पाडून, चौथ्यांदा गोल चक्कर मारून. आबांनी तिला कधी जीपच्या स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता. उतरली तेव्हा कपाळ घामाने निथळत होतं.

"मी सोळाव्या वर्षी आबांना म्हटलं होतं, जीप शिकवा. आणि ते काय म्हणतात ते ऐकायला उभी राहिले. तिथेच चुकले." किल्ली माझ्या तळहातावर दाबत म्हणाली, "सांग, खरं ते सगळं सांग. पण उत्तर ऐकायला थांबू नकोस."

तिसरा दिवस. परतीला सकाळी लवकर निघा, उन्हात रिकामा रस्ताही लांबतो. पेट्रोल, लॉज, ऑइल, खाणं सगळं धरून मला एका महिन्याच्या दोन शिकवण्यांएवढं पडलं, एसटीने याच्या दहाव्या हिश्शात होतं, म्हणजे पैशासाठी जायचं असेल तर एसटीने जा. निंबाखाली बाप्पा नव्हते, दोराचा एक तुटका पीळ धुळीत पडला होता. तो उचलून खिशात टाकला. बांभोरीला नाना रस्त्यावरच उभे.

"पानं कामी आली ना रे?"

"आली नाना. केळी थंडगार."

नानांशी हे खोटं बोलताना मला काही वाटलं नाही. उरलेल्या वाटेवर मात्र पाठीवरचा तो आवाज ऐकत एकच कळत गेलं. गाडीने कुठे हार मानली नव्हती. तिच्यावर पाला बांधणारे, तिला दोर लावणारे आणि तिच्या नावाने शब्द देणारे आम्हीच होतो.

आबा दारात जीप पुसत होते. मी गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं.

"आली?"

"आली."

"दोर?"

एसटीतला माणूस माझ्याआधी पोचला होता की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी खिशातला पीळ काढून जीपच्या बॉनेटवर ठेवला.

"लागला. पारोळ्याच्या अलीकडे, ट्रॅक्टरने. तीस पावलं, उन्हातून सावलीत. मी तिथे नव्हतो, पण लागला. शब्द माझा मोडला. तिचं काही मोडलेलं नाही. म्हणून मी ती भंगारात देणार नाही, आबा."

फडकं त्यांच्या हातात तसंच राहिलं. त्यांनी दोराकडे बघितलं, मग गाडीच्या मागच्या बाजूला, जिथून आवाज येत होता. तोंड उघडायला लागले.

ते ऐकायला न थांबता मी रिव्हर्स टाकला. तसाच थेट इथवर आलो, आता पहूरला मित्राकडे चाललोय, तिथे निंब आहे, सावली आहे. तुम्हालाही काहीतरी म्हणायचं दिसतंय. असू द्या. मी निघालो.